पाव मैल

दमडूमामाला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
उजव्यानं थोडं.
पस्तीस वर्षं लेथवर गेली.
म्हणून तो इंजिन तळहातानं ऐकतो,
बॉनेटवर हात, डोळे मिटलेले,
तापल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

गाडी प्लायमाउथ, सत्तावन्नची.
मनसरच्या मँगनीजच्या कुण्या ठेकेदारानं आणलेली,
मग त्याच्या जावयाची, मग कोर्टाची,
मग नऊ वर्षं कोंबड्यांची.
मागच्या सीटखालून मामानं दोन अंडी काढली
आणि एक लग्नपत्रिका,
कोपऱ्यावरची हळद अजून पिवळी.

अकरा वर्षं लागली.
आठातली तीन सिलिंडरं मेलेली.
पिस्टन मामानं स्वतः कातले, गड्डीगोदामच्या गाळ्यात,
वरून रेल्वे गेली की हात उचलून थांबायचा,
ती गेली की पुन्हा टेकवायचा.
रुंद चाकं आत घ्यायला डिकीचं पोट फाडलं.
वाडीच्या रिमोल्डवाल्याला म्हणाला, नक्षी नको,
टायर गुळगुळीत ठेव.
"गुळगुळीत झाले का लोकं माह्याकडं येतात,
तू उलटा कसा बे?"

बॉनेटमधून वर आलेलं ते हवेचं नाक
कुलरच्या पत्र्याचं आहे.
मुश्ताकनं वाकवलं, ऐन एप्रिलात,
अख्खं मोमिनपुरा खस घेऊन त्याच्या दारात उभं असताना.
रंग मामीनं सांगितला. वांग्याचा.
भरताआधी तेल लावलेलं असतं ना, त्या वांग्याचा.

मी शाळेत पीटी शिकवते.
स्टॉपवॉच माझ्याकडे, म्हणून मला बोलावलं.
आणि आजोबा शंकरपटात घड्याळ धरायचे,
म्हणूनही असेल.
तिथंही सरळच धावायचं. वळण नाही, मुक्काम नाही,
जोडी सुटली की माणसानं फक्त श्वास धरायचा.

मे महिना. पहाटेचे चार,
तरी सिमेंट कालच्या उन्हानं कोमट.
मिहानच्या मागचा रस्ता,
उद्घाटन न झालेला, कुठंच न पोचणारा.
ज्या गावात देशाची अंतरं मोजायचा दगड उभा,
तिथं पाव मैलासाठी
आम्ही लांब उडीचा टेप नेला होता.
तेरा वेळा पुरा, वर बारा मीटर.
तिथं चुन्याची रेघ मारून
मी उभी राहिले.

मुश्ताकनं दुपट्टा खाली केला.
आधी मला काही ऐकूच आलं नाही,
फक्त नाक वर उचललेलं दिसलं,
बूड टेकलेलं,
आणि मग आवाज पायातून आला, चपलेतून,
पिंढरीतून, दातांत.
टिटव्या उठल्या. धूर पांढरा.
वांगी रंगाचं काहीतरी माझ्या बाजूनं गेलं
आणि त्यात मामा होता,
तोंड उघडं, दात न लावलेले,
ओरडत होता की हसत होता, देव जाणे.

घड्याळ हातात होतं.
अंगठा बटणावर होता.
तिथंच होता.

दूर जाऊन तो थांबला, दार उघडं टाकून
चालत आला, अनवाणी.
"किती?"
"दाबाचं रायलं, मामा."
"बारा?"
मुश्ताक माझ्याकडं बघत होता.
मी मान हलवली.
कुठल्या दिशेनं, ते मला आज सांगता येणार नाही.

परतताना छत्रपती चौकात पाणी उकळलं.
रेडिएटरला पोहेवाल्यानं बादली दिली,
वर म्हणाला, मोठी गाडी, अन् चाल पाहा,
भाजीचा टेम्पो पुढं गेला.
मामाला ते ऐकू आलं नसावं.

शटरवर खडूनं लिहिलेला तो आकडा
मामी पुसू देत नाही.
गाळा खरं तर सात नंबरचा.
हल्ली पोस्टमन बारा म्हणूनच
चिठ्ठ्या टाकतो,
दुसऱ्याच्याही.