थंड गाडीचा आवाज

तापली की गप्प बसायची,
म्हणून कुणी मानत नव्हतं.
मणेराजुरी सोडेपर्यंत टक टक टक टक,
पुढच्या चढाला जरा कमी,
तासगावात शिरताना काहीच नाही,
मागे बेदाण्याचे एकशे चाळीस बॉक्स
आणि शहाण्यासारखी चालणारी पिकअप.

बाबालाल शिकलगार म्हणाले, रातभर ठेव हितं.
बिडाचा तुकडा हाय. तापला की फुगतोय,
आपली फट आपणच बुजवतोय.
गरम असंपर्यंत खोटं बोलंल.
खरं पहाटं.

पहाटे साडेपाचला गेले. माघातली थंडी,
स्वेटरवर शाल, शालीवर मफलर.
त्यांनी बॉनेट उघडून ठेवलेलं,
एक मनगट तपेलीतल्या पाण्यात.
"मार सेल्फ."
टक टक टक टक
पत्र्याच्या शेडभर, कुणी घाईनं
सुपारी कातरत असल्यागत.
"वाजतंय?"
मला वाटलं परीक्षा घेतायत.
"वाजतंय की. चांगलं मोठ्यानं."
त्यांनी ओलं मनगट मॅनिफोल्डच्या कडेनं नेलं,
बोटभर अंतर राखून, अगदी सावकाश.
तिसऱ्या पोर्टशी थांबले.
"हितं फुंकर लागतीया."
खाली काजळीची एक रेघ,
बाळाच्या डोळ्याला पुरेल एवढीच.

मग दिवस नटांत गेला.
आदल्या रात्री डिझेल पाजलेलं तरी
एक लोण्यासारखा आला, एक किंचाळत,
एकाला पान्यावर पाइप चढवून
पाइपवर मी.
सात निघाले. आठवा मोडला.
बाबालाल शिवी देत नाहीत. चहा मागवतात.
मोडक्या बुंध्यावर नट वेल्ड केला,
लालभडक असतानाच मेणबत्ती टेकवली,
मेण आट्यांत झिरपू दिलं.
पाव वळसा पुढं, जरा मागं,
पाव वळसा पुढं
आणि आला, किडक्या दाढेसारखा.

पट्टी लावून बघितलं तर मॅनिफोल्डच वाकडा.
मधून ब्लेड आरपार.
"एकवीस वर्सं तापून गार, तापून गार.
मानूस असता तर..."
वाक्य तसंच ठेवून लेथवर गेले.
फेसिंगचे दोनशे.
मी जुन्या टायरवर बसून
अडत्याचे सहा फोन कापले.

नवी गॅस्केट, नवे स्टड.
मधून सुरू करायचं, मग बाहेर बाहेर,
सगळे थोडे थोडे.
"एकालाच पिळलंस तर दुसरीकडनं सुटतंय."
हे म्हणताना पाना त्यांनी माझ्या हातात दिला होता,
आणि माझा अंगठा सोलून निघाला होता,
म्हणून लक्षात राहिलं.

गाडी आणखी एक रात्र तिथंच.
पुन्हा साडेपाच. सेल्फ.
नुसती डिझेलची घरघर, सलग,
तिला कुठंही टाका नाही.

"गेला का?"
ते इंजिनकडे बघत नव्हते.
माझ्या तोंडाकडे बघत होते.

चहावाल्या पोराला हातवारे करून बोलावणं,
खिशात वाजत राहिलेला फोन,
परवाचं ते "वाजतंय?"
चाळीस वर्षं पत्र्याखाली हातोडा.

मी मान हलवली.
मोठी, अंधारातही दिसेल अशी.

ते हसले. तरीही
मनगट तपेलीत बुडवलं
आणि एकदा कडेनं फिरवून आणलं.