साडेसहा

ग्लोमा नदीकाठी ओद्वारचं दुकान: रबरी बूट, गळ,
कॉफीचे डबे, आणि काउंटरमागे
कुलपात काडतुसांची खोकी.
मी म्हटलं, साडेसहा मिलिमीटर. बाबांची रायफल आहे.
ते ठाऊक आहे, तो म्हणाला. कशासाठी?

दोन्हीसाठी.
शनिवारी चांदमारीला, कागदावर,
आणि पंचवीस सप्टेंबरपासून एल्कवर.
यंदा टोळीत एक बंदूक कमी आहे,
हॉल्वर्डचा गुडघा गेला.
एकच खोकं दे, एका दगडात दोन –
म्हण पुरी व्हायच्या आत
त्यानं दोन खोकी मांडली, मध्ये हातभर जागा सोडून,
पंगतीत भांडलेल्या भावांना बसवावं तशी.

ही डावीकडची. टोक बारीक, अंग गुळगुळीत,
दर गोळी आधीच्या गोळीची सख्खी बहीण.
तीनशे मीटरवर पाच छिद्रं एका बशीत मावतात.
ही उजवीकडची. टोकाला उघडं शिसं,
नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ.
स्वस्त कुठली?
डावीकडची, तो म्हणाला, आणि खिडकीतून
अंगणातल्या रिकाम्या साखळीकडे बघत राहिला.
मी डावीकडची दोन घेतली,
आणि लाजेखातर उजवीकडचं एक.

चौदाव्या वर्षापासून मी कागद मारत आले.
कागद वाऱ्याला नाक लावून उभा राहत नाही.
नेम हुकला तर दहाच्या जागी नऊ,
आणि मग कॉफी, आणि सीवचे वॅफल्स.

रात्री बाबांची वही काढली.
कागदावरची प्रत्येक गोळी टिपलेली:
तारीख, वारा, थंडी,
'श्वास सोडायला उशीर', 'चाप ओढला, दाबला नाही'.
एल्कला मात्र एकेकच ओळ.
नर, ऐंशी मीटर, जागीच.
मादी, साठ मीटर, चाळीस पावलं.
वासरू, जागीच.
आणि मग ते साल, ज्याच्यानंतर पानं कोरी:
'शिकारीची संपली होती. चांदमारीची नेली.
फुप्फुसावर लागली. आरपार, सुईसारखी.
कुत्रा दोन दिवस मागावर.
दलदलीपर्यंत रक्त, पुढे पाऊस.'
खाली पेन्सिलीनं,
दुसऱ्या कुणाचा हात वाटावा इतकं वाकडं:
'नेम बरोबर होता.'

मला वाटायचं, आईच्या आजारपणात
त्यांनी शिकार सोडली. आम्ही सगळे तसंच सांगायचो.

शुक्रवारी एकटीच गेले, उजवीकडचं खोकं घेऊन.
तीच नळी, तोच खांदा, तोच श्वास,
आणि पहिल्या तीन गोळ्या
चार बोटं खाली, जरा डावीकडे.
म्हणजे इतकी वर्षं मी रायफल ओळखत नव्हते,
एका खोक्यापुरतीच ओळख होती.
दुर्बिणीचे टिचके मोजत फिरवले. पुन्हा तीन.
पुन्हा टिचके, पुन्हा तीन.
शंभर मीटरवर पेल्याचं तोंड झाकेल एवढ्यात आणल्या,
त्याहून जवळ येईनात. पुरे.
मागच्या ओल्या वाळूतून एक उकरून काढली:
फुललेली, तांब्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या,
आत शिशाची करडी चुरगाळ.
कागदाला हे सगळं कधी कळलंच नव्हतं.
त्याच्यात फक्त भोक पडतं.

सोमवारी ओद्वारकडे: उजवीकडची आणखी तीन.
कागदावर इतकी महाग उडवणार?
कागदावरही, मी म्हणाले.
थोड्या उडवीन. पण ह्याच.

त्यानं खोकी पिशवीत घातली,
पिशवीच्या तोंडाला घडी,
घडीवर आणखी एक घडी.
कुत्रा माझा होता, तो म्हणाला.
तिसऱ्या दिवशीही जायला ओढत होता.
मग गल्ला उघडला, सुटे मोजले,
आणि विचारलं, पावती हवी का.