मोकळा रकाना

मुहर्रकच्या त्या छापखान्यात
मला कुणी अरबी शिकवली नाही.
मी खिळेजुळारी, वेंगुर्ल्याचा;
अक्षरं चेहऱ्यानं ओळखायचो,
जशी बंदरावरची माणसं, नावं ठाऊक नसताना.
शिशात सगळं उलटं पडतं,
म्हणून फर्म्यावर वाकलो की अरबी
डावीकडून उजवीकडे चालायची, आपल्यासारखी.
कागदावर उतरली की परकी व्हायची.

तिथं अक्षरं हात धरून चालतात.
काही मात्र हट्टी. रे त्यातलंच:
मागच्याचा हात धरतं, पुढच्याला देत नाही.
'हुर्रिया' जुळवताना दर वेळी
शब्द मध्येच तुटायचा.
स्वातंत्र्य, असा अर्थ, हे नंतर कळलं.
तेव्हा वाटायचं, माझाच हात चुकतोय.
उस्ताद फरदान हसले,
"नाही रे बाबा, तो असाच लिहितात."

निवडणुकीआधी दोन वर्षं
याकूब यायचा रात्री, मागच्या दारानं.
माशांच्या टोपलीत तळाशी पत्रकं घालून न्यायचा.
बाप मोत्यांसाठी बुड्या मारणारा, कान फुटलेला,
म्हणून पोराला मोठ्यानं बोलायची सवय.
छापखान्यात कुजबुजायचा.
शिशावर उतारा म्हणून मला रोज दूध मिळे;
अर्धा पेला त्याला द्यायचो.

मग मतदान झालं.
त्यांच्यात मताला 'सौत' म्हणतात, म्हणजे आवाज.
आपल्यात मत म्हणजे मत,
डोक्यातलंही तेच, पेटीतलंही तेच.
मला तिथं दोन्ही नव्हती.
पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत.

याकूब निवडून आला आणि पुढच्या दारानं आला.
अंगावर जरीकाठी झगा, हातात तांबडी पेन्सिल.
उस्तादांचा लेख उभ्यानंच वाचला, बासष्ट ओळी,
म्हणाला, "खरंय सगळं. पण आत्ता नको.
लोकशाही अंगावर पितं लेकरू आहे,
मोठ्यानं बोललात तर दचकेल."

उस्ताद चष्मा पुसत होते.
"जन्मल्यावर रडलं नाही ना, याकूब,
तर दाई उलटं धरून चापट मारते.
तुला मारली होती. तुझी आई सांगायची."

हे मला मागाहून कळलं,
हिशेब लिहिणाऱ्या मलबारी कोयाकडून.
तेव्हा दिसलं एवढंच: पेन्सिल,
आणि पुसून झाल्यावरही पुसली जाणारी काच.

फोरमन म्हणाला, घड्याळाची जाहिरात टाक.
उस्ताद म्हणाले, मोकळं सोड.

आता वाचणाऱ्याला ठाऊक नसतं ते सांगतो.
मोकळी जागा नुसती सोडता येत नाही.
चौकट ढिली पडते, शेजारच्या बातम्या ढासळतात.
तिथं ठोकळे भरावे लागतात, शिशाचेच,
अक्षराहून बुटके, शाई न लागणारे.
बासष्ट ओळी मी ठोकळे जुळवले.
लेखाहून तो रकाना जड झाला.

सकाळी कॉफीच्या दुकानात
लोक तेवढाच भाग वाचत होते.
एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला,
"तिसरा परिच्छेद जरा जास्तच कडक झालाय."

पुढं सभागृहाला कुलूप लागलं.
त्याच उन्हाळ्यात भावानं कोकमं पाठवली,
गावच्या वर्तमानपत्रात बांधून.
अग्रलेखाच्या जागी कोरं,
आणि कोऱ्यावर कोकमाचा डाग, कडेपर्यंत.
सवयीनं मी तो कागद उलटा धरून पाहिला.

याकूब त्याच आठवड्यात कधीतरी आला,
मागच्या दारानं, चालत.
उस्तादांना नेलं त्याला चार दिवस झाले होते.
दूध होतं, दिलं.
पेला तसाच ठेवून त्यानं आतल्या खिशातून कागद काढला:
बासष्ट ओळी, उस्तादांच्या हातच्या,
त्याच्याच तांबड्या रेघांसकट जपलेल्या.
"जुळव," म्हणाला. मोठ्यानं.

मी घोडीजवळचा दिवा ओढून घेतला.
चौथ्या ओळीत तो शब्द आला.
रे लावलं.
पुढचं अक्षर लावताना
मध्ये फट राहिली, होती तेवढीच.