एकतीस पावलं

बार्ली कापून झाली की दोघं येतात,
विग्गो आणि टॉर्किल,
मोर्स बेटावरच्या माझ्या उत्तरेकडच्या तुकड्यात,
जिथून फ्योर्डचं पाणी दिसतं आणि वारा
बोलणाऱ्याच्या तोंडातला शब्द काढून नेतो.
तरी ते बोलतात. यंत्रांबद्दल.

विग्गोचं ऑस्ट्रेलियन: काळं, जाडजूड,
त्याच्या मते हातोडीसारखं प्रामाणिक.
टॉर्किलचं फ्रेंच: बिनतारी, काठीएवढं हलकं,
दुमडलं की दप्तरात मावणारं.
"खेळणं," विग्गो म्हणतो.
"नांगर," टॉर्किल म्हणतो.
किती खोल, कुठली वारंवारता, ओल्या मातीतलं मीठ,
गंजक्या खिळ्याशेजारचं नाणं आधी कुणाला ऐकू येतं:
चौदा वर्षं हेच दळण.
टोप्यासुद्धा आपापल्या कंपनीच्या.
विग्गोची बायको मला म्हणाली होती,
माझा वाढदिवस विचारून बघ त्याला;
सॉफ्टवेअरची आवृत्ती मात्र झोपेतही सांगेल.

मला काय, मी कॉफी देते.
आजवर सापडलेलं माझ्या खिडकीत मांडलंय:
घोड्याचा नाल, शिशाच्या गोळ्या,
ट्रॅक्टरची पिन, जी मी बावीस वर्षं शोधत होते,
आणि बाटल्यांची बुचं.
बुचं दोन्ही यंत्रांना सारखीच आवडतात.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी
(मंगळवारी, रविवारी नव्हे)
पहाटे गाईंकडे निघाले, तर शेतात विग्गो.
एकटा. बोडका.
हातात काठीएवढं हलकं काहीतरी.
मला पाहून असा दचकला
जसं मी त्याला परक्या बाईच्या दारात गाठलं.
"खांदा," तो म्हणाला. "डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केलीय."
मग बुटांकडे बघत,
"टॉर्किलला सांगू नकोस."

आणि नेमकं तेव्हाच ते वाजलं.

चांदीचं नाणं. नखाएवढं,
हेरिंगच्या खवल्यासारखं पातळ,
एका बाजूला झिजलेला क्रूस.
त्यानं ते तळहातावर बराच वेळ धरलं.
मला वाटलं, रडतो की काय हा.
मग परत खड्ड्यात ठेवलं,
माती लोटली, टाचेनं दाबली,
काटेरी झुडपापासून पावलं मोजली. एकतीस.
"रविवारी सापडेल," म्हणाला.

रविवारी टोपी. रविवारी ते काळं धूड
खांद्याला पट्ट्यानं टांगलेलं.
मी थर्मास घेऊन बांधावर. एरवी मी इतकी थांबत नाही.
एकोणतीस, तीस, एकतीस.
यंत्र फिरलं.
पुन्हा फिरलं.
नांगरानं जमिनीशी अबोला धरला होता.
विग्गोच्या कानशिलावरून घाम ओघळला, त्या थंडीत.
मग तो गुडघ्यावर बसला.
"आलं," म्हणाला, "कुजबुजल्यासारखं. पण आलं."
हेडफोन त्याच्याच कानांवर. खोटं कोण पाडणार?

नाणं वर आलं तेव्हा
टॉर्किलनं टोपी काढली.
"इथून मी दोनदा गेलोय," एवढंच बोलला,
आणि आपल्या फ्रेंच यंत्राकडे
नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

नाणं संग्रहालयात गेलं. आमच्याकडे
जमिनीतलं जुनं मोलाचं सगळं देशाचं असतं.
फॉर्मवर ठिकाण, खोली, तारीख, शोधणाऱ्याचं नाव.
यंत्रासाठी रकाना नाही.
विग्गोनं समासात लिहिलं,
ठळक, सुवाच्य अक्षरात, ऑस्ट्रेलियन कंपनीचं नाव.

नाताळात टॉर्किलनं फ्रेंच विकून टाकलं,
काळं घेतलं. हप्त्यांवर.
मार्चमध्ये विग्गो हलकं घेऊन उघड उघड आला:
पुतण्यानं दिलंय म्हणे, नाही कसं म्हणायचं.

आता वाऱ्यातून ऐकू येतं,
"खेळणं," टॉर्किल म्हणतो.
"नांगर," विग्गो म्हणतो.
तीच वाक्यं, तोच त्वेष.
मी कॉफी ओतते. माझी पिन
कुठल्या यंत्राला सापडली, मी कधी विचारलं नव्हतं.

टोप्या मात्र
दोघांनी बदललेल्या नाहीत.