दोन आठ

म्हापशात शुक्रवारी
चोरीसांच्या माळा आणि मयड्याची केळी यांच्यामधल्या बोळात
माझं टेबल असतं.
घड्याळांचे सेल बदलतो, पट्टे लावतो,
कुणी आणलंच तर जुनं नाणं पाहतो.
पाहण्याचे पैसे घेत नाही.
सांगण्याचे घ्यायला हवे होते, असं अधूनमधून वाटतं.

एर्मेलिंदबाई हळदोण्याच्या बसनं आली.
रुमालाची गाठ दातांनी सोडली.
तांब्याचा पाव तंगा, सन अठराशे एक्याऐंशी.
"बघ, दोन्ही आठ दोनदा आलेत.
कायतान म्हणायचा, हे घराचं छप्पर आहे."

भिंग डोळ्याला लावलं, नाणं तिरकं धरलं.
उजेड समोरून घ्यायचा नसतो,
आडवा येऊ द्यायचा,
कलत्या दुपारी मिठागरावर येतो तसा.
हे सगुण रायकरांनी शिकवलं.
बोटं काळी, जिभेवर सुपारी,
चूक झाली की टपली.

"दुहेरी दिसतं ते सगळंच दुहेरी नसतं, बाबा.
ठसाच दोनदा दाबला गेला असेल,
पोलाद भट्टीत जाऊन परत आलं
आणि दुसऱ्या दाबाला केसभर फिरलं,
तर अक्षराला भाऊ होतो. सख्खा.
तोही उंच, त्याचेही खांदे गोल,
टोकाला फट पडते गाईच्या खुरासारखी.
मग त्या ठशाची जितकी पोरं
तितक्यांच्या कपाळावर तीच खूण.

"आणि ठसा नुसता सैल असेल,
घाव घालून उठताना थरथरला असेल,
तर तांबं सरकतं. पायरी पडते.
सपाट, चकचकीत, उंची नाही.
ती अक्षराला काही देत नाही,
त्याच्याच अंगातलं काढून घेते.
आठ बारीक झालाय का बघ.
बारीक असला तर गिऱ्हाइकाला चहा पाज
आणि खरं सांग."

आठ बारीक होता.
दुसराही.
नाणं फिरवलं, परत फिरवलं,
मग कडेजवळचा हिरवा डाग दिसला,
तांदळाच्या कणीएवढा.

हा डाग मी ओळखतो.
अकरा वर्षांपूर्वी, याच टेबलावर,
बोटीवरून सुट्टीवर आलेला एक खलाशी,
फुलाफुलांचा शर्ट, अंगाला डिझेलचा वास.
मी म्हटलं होतं, पायरी आहे, पात्राव.
तो बराच वेळ केळ्यांकडे पाहत राहिला.
मग म्हणाला, "घरी कळता कामा नये."

चहा मागवला.
"पायरी आहे, बाई," मी म्हटलं.
"म्हणजे?"
"ठसा सैल होता. घाव पडताना हलला."
"साचो हाललो?"
"हाललो."

ती हसली, मग हसायची थांबली.
"दर आयतारी मिशीहून आला की
हे खिडकीत धरून बसायचा.
मी म्हणायची, विकून टाक मेल्या.
तो म्हणायचा, भाव चढू दे."

मी भिंग पुसत होतो.
काच साफच होती.

"किती येतील?"
"दोनशे. कुणी हौशी भेटला तर अडीचशे."
"असं दुसरं असेल का कुणाकडे?"

इथं रायकरांनी काही शिकवलेलं नव्हतं.
"ठशात दोष असता तर शेकड्यांनी असती.
थरथर मात्र त्या एका घावाची.
हुबेहूब असं बहुधा कुठंच नसेल."

तिनं नाणं भिंगाखाली स्वतः धरलं.
डोळा चुकीचा मिटला, मग दुसरा मिटला.
एवढं जवळून तिनं ते कधी पाहिलं नसावं.
"आणखी कुणाला दाखवलं होतं का त्यानं?
तुला काही ठाऊक?"

चहावर साय धरली होती.
"नाही," मी म्हटलं,
आणि कुणाचं तरी घड्याळ उघडायला घेतलं.

रुमालाला तिनं दोन गाठी मारल्या.
उठताना केळीवालीशी भांडली,
डझनामागं पाच रुपये कमी करून घेतले,
त्यातलं एक केळं माझ्या टेबलावर ठेवलं.

बस सुटल्यावर मी ते सोललं.
खाल्लं नाही लगेच.