निशाणी सतरा

मला साक्षीला बोलावलं ते
मी अपघात पाहिला म्हणून नव्हे.
पाहिला कोणीच नाही. डिचोलीच्या बायपासवर
पहाटे साडेपाचला एक टिप्पर होता
आणि उल्हास हळर्णकरची पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल.
मग नुसता टिप्पर.

मला बोलावलं, कारण तो पायलट होता
आणि पायलटला पगारपत्रक नसतं.

बाराव्या दिवशी ट्रकमालक घरी आला,
पाकीट तांदळाच्या डब्यावर ठेवून म्हणाला,
कोर्टात जाल तर म्हाताऱ्या व्हाल. इथे सही करा.
वैदेहीने केली नाही.
पेन चाललं नाही म्हणून, असं ती सांगते.

महिनाभराने म्हापशाला
वकीलबाई फिलोमिना नोरोन्यांनी चहा मागवला
आणि वाटा दाखवल्या.
ड्रायव्हरवरचा खटला पोलीस चालवतील, तो वेगळा.
त्यातून शिक्षा होईल, तांदूळ येणार नाहीत.
दावा आपण लावायचा, सहा महिन्यांच्या आत,
मालकावर आणि विमा कंपनीवर.
मध्येच लोकअदालत लागेल, ते आकडा सांगतील.
हो म्हणा, नाही म्हणा,
पण दुसऱ्याच्या घाईने नको.

मग कागदाच्या पाठीवर हिशेब.
महिन्याची मिळकत, गुणिले बारा.
पुढे वाढली असती, म्हणून चाळीस टक्के अधिक.
मागे बायको, आई, तिसरीतली मुलगी,
म्हणून एक तृतीयांश वजा:
तो स्वतःवर खर्च करायचा ते.
वय चौतीस, तेव्हा सोळाने गुणा.

वैदेही तिथेच अडली.
स्वतःवर?
दुपारी पावभाजी, तीही अर्धी प्लेट,
शनिवारी लॉटरीचं एक तिकीट,
वर्षातून एकदा चपला.
बाई, याचा तिसरा हिस्सा होत नाही.
कायद्याने होतो, वकीलबाई म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या.

पुरावा म्हणून निघाली एक वही.
सीटखालच्या कप्प्यातली, पेट्रोलचा वास लागलेली,
रोजची गिऱ्हाइकं आणि त्यांची उधारी.

विम्याच्या वकिलाने विचारलं,
तुम्ही नेहमी याच्याच गाडीवर?
रात्रपाळी असली की. साखळीच्या आरोग्य केंद्रात.
किती द्यायचात?
चाळीस.
पावती?
मी हसले असावे. न्यायाधीशांनी वर पाहिलं.

फाटकाशी तो दिवा चालू ठेवून थांबायचा,
मी आत जाऊन खिडकीतून हात करेपर्यंत.
हे कुठल्या रकान्यात बसतं
ते कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग वही माझ्या हातात दिली.
अक्षर त्याचंच?
होय.
शेवटचं भरलेलं पान. वरून चौथी ओळ वाचा.
वाचली:
नर्स बाय, अकरा फेऱ्या, चारशे चाळीस, बाकी.

पगार मंगळवारी व्हायचा होता.
तो सोमवारी गेला.

हे पैसे दिलेत?
नाही.
वकील खूश झाला. म्हणजे मिळकत बुडीत होती.
नोरोन्याबाई अर्ध्या उठल्या:
येणं होती, बुडीत नव्हती.
टंकलेखकाने दोन्ही वाक्यं घेतली.

बाहेर व्हरांड्यात मी पर्स उघडली
तर वैदेहीने माझं मनगट धरलं.
आता नको.
वहीत काही खोडायचं नाही म्हणतात. आज तिच्यावर शिक्का पडला,
निशाणी सतरा.
दिलेस तर मी ते मांडू कुठे?

निकाल यायचा आहे.
रात्रपाळीला मी आता शेवटच्या बसने जाते,
तासभर आधी पोचते, बाकावर बसते.
चारशे चाळीस रुपये एका पाकिटात
ड्रेसिंगच्या कपाटात, कापसामागे.

परवा बाजारात वैदेही भेटली.
वही कधी परत देतात गं, मी विचारलं.
निकालानंतर, ती म्हणाली,
आणि त्यांनी अपील केलं
तर पुढे पर्वरीला जाईल, तुझ्या नावासकट.
मग तिने बांगडे घेतले, मोजून तीन,
आणि एक परत ठेवला.