अर्धा ग्रॅम

लिहायचं किघली, म्हणायचं कीथली.
गावात उतरल्यावर पहिली चूक
टॅक्सीवाल्यासमोर झाली ती हीच.
हसला नाही तो. "सगळ्यांचं होतं," म्हणाला,
आणि नदीकाठच्या गिरणीपाशी सोडून गेला.

गिरणी आता नावाचीच. लोकर गेली,
तेलाचा वास तेवढा फरशीत मुरून राहिलाय.
तळमजल्यावर इन्सुलिनच्या पेनातल्या
नखाएवढ्या स्प्रिंगा तपासतात.
दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची.
दोन लाख वेळा, माणसाशिवाय.
त्या 'माणसाशिवाय'ची जुळणी करायला
मला बोलावलं होतं.

सर्व्हो मोटर, तिचा ड्राइव्ह,
किलोभर वजन पेलणारा लोडसेल,
सेकंदाला हजार आकडे टिपणारं तळहाताएवढं कार्ड,
आणि एक जाडजूड मॅन्युअल,
जे ग्लेनिस ॲक्रॉइडनं न उघडताच
टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं.
एकसष्टीची इलेक्ट्रिशियन. मोजून बोलणारी.

पहिल्या दिवशी मी खाली म्हटलं, मोटर वर गेली,
वरच्या स्विचला टेकली आणि तिथंच थांबून राहिली,
चूल पेटवायला सांगितलेल्या पाहुण्यासारखी.
उण्याचं एक चिन्ह राहिलं होतं.
"ऐकते तरी," ग्लेनिस म्हणाली.
"माझा कुत्रा तेही करत नाही."

मग तो आवाज.
कानाला न येणारा, पडद्यावर दिसणारा.
रेघ सरळ हवी होती, तिला केस फुटले होते.
तबकडीवर काही ठेवलेलं नाही,
तरी लोडसेल सेकंदाला पन्नास वेळा
कुणीतरी आहे, कुणीतरी आहे, असं सांगत होता.
दिवे बंद केले. हीटर बंद केला.
शेजारच्या शेडमधला कॉम्प्रेसर हातापाया पडून बंद करवला.
किटली. ग्लेनिसचा रेडिओ.
केस तसेच.

इचलकरंजीत बाबा जॉबर होते.
अडलेल्या मागावर नुसता तळहात ठेवून
दुखणं कुठं आहे ते सांगायचे.
सगळे जेवायला गेल्यावर
मीही कॅबिनेटवर हात ठेवून पाहिला.
गार लागलं. बाकी काही नाही.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास
ग्लेनिस दातात टॉर्च धरून टेबलाखाली गेली.
"दोन्हीकडं बांधलंयस," असं म्हणाली बहुतेक;
टॉर्चमुळं शब्द चावल्यासारखे आले.
केबलवरच्या जाळीची दोन्ही टोकं
मी अर्थिंगला जोडली होती.
मला वाटलं होतं, तेवढीच जास्त काळजी.
"एकीकडंच बांधायचं. दुसरं टोक मोकळं."
कट्, एवढंच ऐकू आलं.
आणि रेघ
नुकत्या पाडलेल्या भांगासारखी सरळ.

यावर मी काही बोलले नाही.
रात्री आईच्या फोनवरही नाही.

गुडघे झटकत ग्लेनिस बाहेर आली
आणि हातातला चहाचा कप
जागा दिसली तिथं ठेवला. तबकडीवर.
नोंद चालूच होती.
पाचशे ब्याण्णव ग्रॅम.
मी ओरडणार होते, पण तिनं कप उचलला,
घोट घेतला, परत ठेवला. पाचशे एकोणतीस.
हाताखालच्या पोराला दोन शिव्या घातल्या. चारशे चौसष्ट.
बोलता बोलता विसरली, मग गार झालेला
एकदम प्याली. तीनशे एकावन्न.
पडद्यावर एक जिना तयार झाला,
कुणाचं तरी अर्धं तास खाली उतरत गेलेलं.

दोन लाखांच्या हिशेबात ही फाइल धरलेली नाही.
खोडायची होती, राहून गेली.
परवा उघडली तेव्हा शेवट पुन्हा नीट पाहिला:
कप उचलल्यावर रेघ खाली येते,
पण शून्याला टेकत नाही.
किंचित वर, अर्ध्या ग्रॅमवर, थांबून राहते.

मोजमाप बरोबर होतं.
कपाच्या बुडाचं ओलं वर्तुळ
पुसायचं राहिलं होतं.